निघून गेला की नेला

परळ, मुंबई
दि. १६ सप्टेंबर २०२५

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

गणपती झाले की फोन करीन असे तुला म्हणालो होतो, परंतु जे सांगायचे आहे ते फोनवर बोलण्यासारखे नाही, म्हणून पितृपंधरवड्यातला हा रिकामा दिवस पाहून लिहायला बसलो आहे. पत्र लांबणार आहे. तुझ्याकडे एक मागणे आहे आणि ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी मी तुला गाफील गाठले असे तुला वाटायला नको. जुलै १९७६ मध्ये माझ्या मामाला नेले त्या रात्री तू तळमजल्यावरच्या तुमच्या खोलीच्या दारातून जे पाहिलेस, ते मला तुझ्या हस्ताक्षरात लिहून हवे आहे.

चाळीच्या पुनर्विकासाचे गाडे इतक्या वर्षांनी खरोखरच हलले आहे. भाडेकरूंच्या करारांवर सह्या चालू आहेत आणि खालच्या दोन मजल्यांवरची बिऱ्हाडे दिवाळीपूर्वी हलतील. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीचे कागद सरळ आहेत. अडले आहे ते तिसऱ्या मजल्यावरच्या आजीच्या खोलीचे. आजोबा १९७४ साली गेल्यावर त्या खोलीची भाडेपावती मामाच्या नावावर झाली, ती आजतागायत त्याच्याच नावावर आहे. आईने दर महिन्याला भाडे भरायचे आणि घरमालकाच्या मेहताजीने पावतीवर मामाचे नाव लिहायचे, असे ४९ वर्षे चालले. पहिले मेहताजी वारले, त्यांच्या जागी त्यांचा पुतण्या आला, आणि त्यानेही काही न विचारता तेच नाव लिहिणे चालू ठेवले. रेशनकार्डावरून नाव गेले, पुढे मतदारयादीतूनही गेले. पावतीवर तेवढे राहिले.

आता करारावर एक तर भाडेकरूची सही हवी किंवा त्याच्या वारसाची. वारस म्हणून आईला सही करायची तर भाडेकरू मृत असला पाहिजे, मृत असेल तर दाखला पाहिजे, आणि दाखला हवा तर आधी कोर्टाने त्याला मृत म्हटले पाहिजे. पुराव्याच्या कायद्यातले जुने १०८ वे कलम (नव्या कायद्यात त्याचा फक्त क्रमांक बदलला आहे) असे सांगते की, ज्यांना एरवी स्वाभाविकपणे खबर लागली असती अशा माणसांना सात वर्षे एखाद्याची काहीच खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्यावर जाते. मृत्यू झाला एवढेच कायदा गृहीत धरतो. तो कधी, कोठे आणि कोणाच्या हातून झाला याच्याशी त्याला कर्तव्य नाही. जागेचा मोह मला नाही असे मी तुला लिहिणार नाही. धाकट्याचे लग्न ठरते आहे आणि मुंबईत घराचे काय झाले आहे ते तू जाणतोस. दावा दाखल करायला मीच वकिलांकडे गेलो होतो.

त्यांनी मसुदा करून पाठवला. मी तो आईला वाचून दाखवला. तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होते: ‘सदर इसम राहत्या घरातून कोणास काही न सांगता निघून गेला व तो आजपावेतो परत आलेला नाही.’ आईने मला तेथेच थांबवले. ती आता ७८ वर्षांची आहे, ऐकू कमी येते, पण हे वाक्य तिने मला दोनदा वाचायला लावले आणि म्हणाली, “निघून गेला नाही. नेला. तू तसे लिहून आण, मग मी सही करते.”

वकील भले गृहस्थ आहेत. त्यांनी मला शांतपणे समजावले की ‘नेण्यात आले’ असे लिहिले की कोणी नेले हा प्रश्न येतो, मग शासनाला प्रतिवादी करावे लागते, मग शासन नाकारते, आणि आईच्या हयातीत काम संपेल याची हमी देता येत नाही. त्याहून मोठी अडचण त्यांनी नंतर काढली. पोलिसांकडे ऑक्टोबर १९७६ मध्ये नोंदवलेली हरवल्याची तक्रार आपल्याजवळ आहे, दाव्याचा सगळा आधार तीच आहे, आणि तिच्यात ‘निघून गेला’ असेच लिहिले आहे. खाली बाबांची सही आहे.

ही सही कशी झाली ते तुला कधी सांगितले नव्हते. मामाला नेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाबा गिरणीतली पाळी सुटली की चौकशीला जात. जेथे जेथे गेले तेथे एकच उत्तर: या नावाचा कोणी आमच्याकडे नाही. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक येथल्या तुरुंगांच्या दारांशी ते चिठ्ठीवर नाव लिहून उभे राहिले. तीन महिन्यांनी एका अंमलदाराने, मला वाटते दया येऊनच, सुचवले की नेल्याची तक्रार काही मी लिहून घेऊ शकत नाही, हरवल्याची लिहून घेतो, म्हणजे निदान कोठेतरी नाव राहील. बाबांनी सही केली. घरी येऊन आजीला त्यांनी ‘तक्रार घेतली’ एवढेच सांगितले. तिच्यात काय लिहिले आहे हे तिला शेवटपर्यंत कळले नाही, आणि बाबांना ते शेवटपर्यंत विसरता आले नाही.

बाबांना भित्रे म्हणणाऱ्यांनी (आमच्या नात्यातही असे दोघे-तिघे होते) तो काळ आठवावा. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि दोनच दिवसांत राष्ट्रपतींच्या आदेशाने जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कासाठी कोर्टात जाण्याची वाट बंद झाली. मिसा या विनाखटला स्थानबद्धतेच्या कायद्याखाली धरलेल्याला कारण सांगण्याचीही गरज उरली नाही. तरीही मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी हेबियस कॉर्पसचे अर्ज, म्हणजे ‘माणूस आमच्यासमोर आणून उभा करा’ असे मागणारे अर्ज, ऐकून घेता येतात असे म्हटले होते. मग २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तीही वाट बुजवली. त्या सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी विचारले होते की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने आकसाने कोणाला ठार मारले तर काय. आणि महान्यायवादी निरेन डे यांनी उत्तर दिले होते की, आणीबाणी चालू असेपर्यंत त्यावर कोर्टात इलाज नाही. विरोधी मत एकट्या खन्नांनी लिहिले. मामाला नेले ते त्यानंतर तीन महिन्यांच्या आत. बाबा फोर्टमधल्या एका वकिलांकडे गेले तेव्हा त्यांनी फी घेतली नाही, चहा पाजला आणि अर्ज कोणत्या दारात द्यायचा ते दारच उरले नाही, असे सांगून परत पाठवले.

तो निकाल पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने चुकीचा ठरवला. १९७६ च्या बहुमतात जे न्या. यशवंत चंद्रचूड होते, त्यांच्याच चिरंजीवांनी तो चुकीचा असल्याचे लिहिले. ती बातमी मी आईला वाचून दाखवली होती. “बरे झाले,” असे म्हणून ती डाळ निवडू लागली.

मामाचे रूप तुला माझ्याइतकेच आठवत असेल, कारण चाळीतल्या सगळ्याच पोरांचा तो मामा होता. गिरगावातल्या एका छापखान्यात तो जुळारी होता. लग्नपत्रिका, औषधांची लेबले, मंडळांच्या पावत्या असे त्याचे रोजचे काम. खिळ्यांवरची उलटी अक्षरे सरळ वाचण्याची सवय इतकी, की आपल्या वह्या तो टेबलाच्या पलीकडून वाचायचा आणि चुका काढायचा. तुझे नाव तो आरशात वाचावे असे उलटे लिहून द्यायचा आणि आपण जिन्याखाली बसून तसे लिहिण्याचा सराव करायचो. मला आजही माझे नाव तसे लिहिता येते. तू करून पाहा.

आणीबाणी लागल्यावर तिसऱ्याच दिवशी, २८ जूनला, ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या मुंबई आवृत्तीतल्या छोट्या जाहिरातींत एक निधनवार्ता आली होती. कोणी एक डी. ई. एम. ओक्रसी वारले, पत्नीचे नाव टी. रूथ, मुलाचे एल. आय. बर्टी, वगैरे. भरभर वाचून पाहिले तर डेमोक्रसी, ट्रूथ आणि लिबर्टी. सेन्सॉरच्या नाकाखालून ती छापून गेली. छापखान्यात कोणीतरी दाखवल्यावर मामाने तो अंक घरी आणला आणि इंग्रजी न येणाऱ्या आजीला अक्षर-अक्षर फोडून समजावला. आई सांगते, ती जाहिरात देणाऱ्यापेक्षा ती जुळवणाऱ्याचे त्याला कौतुक वाटले होते. “अक्षरे हाताखालून जाताना त्याला कळले नसेल असे होणारच नाही,” असे तो म्हणत राहिला. मसुद्याबरोबर वकिलांनी मला जाहीर नोटिशीचा नमुनाही पाठवला आहे. दोन वर्तमानपत्रांत मामाच्या नावाची नोटीस द्यायची आहे, आणि तिची भाषा वाचताना मला सारखी ती जाहिरात आठवते.

तो काय करीत होता याविषयी आम्हांला कळले ते तुकड्या-तुकड्यांनी. छापखाना बंद झाल्यावर रात्री कोठेतरी तो स्टेन्सिलवर मजकूर उतरवून सायक्लोस्टाइल यंत्रावर पत्रके काढायचा. भूमिगत असलेल्या मंडळींची ती पत्रके होती. वर्तमानपत्रांत न येणाऱ्या बातम्या त्यांत असत: कोण पकडले गेले, कोणत्या तुरुंगात उपोषण चालू आहे, जसलोक रुग्णालयात जयप्रकाशांची प्रकृती कशी आहे. दुर्गाबाई भागवतांनी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून जयप्रकाशांसाठी प्रार्थना केली, ती हकीकत असलेले एक पत्रक आजीच्या पोथीत सापडले होते. आईने ते जाळले. मी असतो तर मीही जाळले असते. तो कोणत्या पक्षाचा होता हे मात्र कोणालाच सांगता आले नाही, आणि त्याचा परिणाम असा झाला की पुढे कोणत्याच पक्षाला तो आठवला नाही. यंदा जूनमध्ये आणीबाणीला ५० वर्षे झाली म्हणून ठिकठिकाणी सत्कार झाले, शाली-नारळ दिले गेले. ज्यांनी सोसले त्यांच्याविषयी मला आदरच आहे. आमच्या घरात त्या दिवशी आईने टीव्ही लावला नाही.

त्या रात्रीचे आजीने सांगितलेले एवढेच. साडेबाराच्या सुमारास चार माणसे आली, गणवेश कोणाच्याच अंगावर नव्हता. एकजण चांगला बोलत होता. म्हणाला, “दोन प्रश्न विचारायचे आहेत, सकाळी सोडतो.” हिंदमाताकडून पाणी चढले होते, चाळीच्या अंगणात गुडघाभर होते, म्हणून मामाने चपला घातल्याच नाहीत. आजी त्याच्यामागे जिन्यापर्यंत गेली आणि तिने त्याच्या हातात छत्री दिली. नवीन घेतलेली होती. पहिली दोन-तीन वर्षे आजी मुलाविषयी फार बोलत नसे, छत्रीविषयी बोले. छत्री नवी होती, दांडा लाकडी होता, कोणी परत आणून दिली नाही. मला तेव्हा ते विचित्र वाटे. दाराशी राहिलेल्या चपलांचा आधार मी वकिलांपुढे मांडून पाहिला, की स्वतःहून घर सोडणारा माणूस अनवाणी जाईल का. ते म्हणाले, “अहो, पाणी तुंबले होते असे तुम्हीच सांगता.”

आम्ही पहिल्या मजल्यावर झोपलो होतो. धाकटी बहीण तेव्हा दीड महिन्याची होती आणि आई बाळंतिणीच्या खोलीबाहेर येत नव्हती. तुमच्या खोलीत मात्र पाणी शिरले होते आणि तुम्ही सगळे जागे होता, ट्रंका खाटेवर चढवून बादल्यांनी पाणी उपसत होता. दुसऱ्या दिवशी गच्चीवर टाकीमागे तू मला सांगितलेस की तू मामाला जाताना पाहिलेस, जीप पाण्यामुळे आत येऊ शकली नाही, ती नाक्यावर उभी होती आणि मामाच्या दोन्ही दंडांना दोघांनी धरले होते. संध्याकाळी तुझ्या वडिलांनी तुला काय बजावले तेही तू मला सांगितलेस, आणि त्यानंतर आपण या विषयावर आजवर एकदाही बोललो नाही. तुझ्या वडिलांचा मला तेव्हा फार राग आला होता. आता चार मुलांच्या बापाने दुसरे काय सांगायचे होते, असा विचार मनात येतो.

मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली. मतदानाच्या चिठ्ठ्या वाटायला आलेल्या कार्यकर्त्यांनी मामाच्या नावाचीही चिठ्ठी आणली आणि आजीने ती देवाजवळ ठेवली. आणीबाणी उठली, तुरुंगांतून माणसे सुटून येऊ लागली, आणि बाबा रोज दादर स्टेशनवर जाऊ लागले. हार-गुलालाच्या गर्दीत ते अनोळखी माणसांना मामाचा फोटो दाखवत. एप्रिलमध्ये केरळातल्या राजनची बातमी आली. कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विद्यार्थी, मार्च १९७६ च्या पहिल्याच दिवशी वसतिगृहातून नेलेला, कक्कयमच्या पोलीस छावणीत छळ झालेला. त्याचे वडील ईचर वारियर उच्च न्यायालयात गेले, ‘आम्ही त्याला धरलेच नव्हते’ हे सरकारचे म्हणणे खोटे ठरले आणि मुख्यमंत्री करुणाकरन यांना राजीनामा द्यावा लागला. मुलगा मेला हे कबूल झाले. देह मिळाला नाही. बाबांनी ही बातमी घरात मोठ्याने वाचली. आजीने विचारले, “त्याला आई आहे का?”

त्या बातमीनंतर आमच्यापुढे वाट होती, हे मला मान्य केले पाहिजे. मे १९७७ मध्ये आणीबाणीतल्या अतिरेकांच्या चौकशीसाठी न्या. जे. सी. शहा यांचा आयोग नेमला गेला. बाबांनी आयोगासाठी लिहिलेला चार पानी अर्ज मला गेल्या महिन्यात आईच्या ट्रंकेत सापडला. सुवाच्य अक्षर, खाली तारीख, पाकिटावर पत्ता, तिकीटसुद्धा लावलेले. टाकला मात्र नाही. मी आईला कारण विचारले. ती म्हणाली, त्यांना भीती होती की आयोग जुनी कागदपत्रे मागवील आणि हरवल्याच्या तक्रारीवरची त्यांची सही पुढे येईल. आयोगाच्या आकड्यांप्रमाणे त्या काळात मिसाखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ माणसे धरली गेली. या एक लाख दहा हजारांत मामा नाही. मिसाबंदी म्हणवून घ्यायला निदान अटकेचा हुकूम लागतो. राज्य सरकारने २०१८ मध्ये आणीबाणीतल्या बंदिवानांना मानधन सुरू केले तेव्हा शेजारच्यांनी आईला अर्ज करायला सुचवले. अर्जासोबत जोडायला तुरुंगवासाचा पुरावा आमच्याकडे कोठून असणार?

१९८८ साली बारा वर्षे झाली तेव्हा गुरुजींनी पालाशविधीचा विषय काढला. देह न मिळालेल्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि पुढले दिवस करायचे. आजीने ऐकून घेतले आणि म्हणाली, “ज्यांनी नेला त्यांनी आधी येऊन सांगू दे. मग पाने आणू.” ती १९९४ साली गेली. दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण आई घरी येऊन खूप रडली, की एवढा जीव मुलात होता तर कावळा थोडा तरी अडायला हवा होता. दर वर्षी पितृपंधरवड्यात आजोबांचे आणि आजीचे पान वाढले जाते. मामाचे वाढले जात नाही. या दाव्यामुळे पुढल्या वर्षी ते वाढावे लागेल, हे आईला कळते आहे.

अलीकडे मी थोडे वाचले. ‘सक्तीने बेपत्ता करणे’ असा शब्दप्रयोग आता रूढ आहे. त्याविरुद्ध संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मध्ये झाला, भारताने फेब्रुवारी २००७ मध्ये त्यावर सही केली, अनुसमर्थन मात्र अद्याप केलेले नाही, आणि आपल्या फौजदारी कायद्यात असा वेगळा गुन्हाही नाही. नेणारा शासनाचा माणूस असतो आणि नेल्याचे नाकारले जाते, या दोन गोष्टी मिळून तो गुन्हा होतो. आणि त्या माणसाचे काय झाले ते उघड होईपर्यंत तो चालूच असतो, संपलेला मानत नाहीत. हे वाचल्यावर ‘निघून गेला’ हे वाक्य माझ्याने वाचवेना. त्याला मृत ठरवायला मी तयार आहे, आईही तयार आहे. पण तो आपल्या पायांनी गेला असे त्याच्या बहिणीने शपथेवर सांगायचे, आणि ज्यांनी नेला त्यांनी ४९ वर्षांत एक ओळही लिहायची नाही, हे मला जमत नाही.

वकिलांशी पुन्हा बोललो. त्यांनी एक मधला मार्ग काढला आहे. १९७६ च्या तक्रारीत जे लिहिले ते तसेच नमूद करायचे, ते कोणत्या परिस्थितीत लिहिले गेले हेही पुढे नमूद करायचे, बाबांचा न टाकलेला अर्ज जोडायचा, आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्या कोणाचे निवेदन असेल तर तेही. दिवाणी दाव्यात त्याने फारसा फरक पडणार नाही, मात्र कागदावर ते राहील, असे ते म्हणाले. पाहणारे पुष्कळ होते. १९८२ च्या गिरणी संपानंतर चाळीतली निम्मी बिऱ्हाडे विरार, डोंबिवली आणि गावाकडे पांगली. जे होते ते एकेक करून गेले. मी यादी करून पाहिली. तूच उरला आहेस.

लिहायला नको वाटले तर तसे कळव. आपल्यात त्याने काही बिघडणार नाही. लिहिलेस तर आठवते तेवढेच लिही. चौघे होते की तिघे, हे नक्की आठवत नसेल तर आकडा घालू नकोस. साध्या कागदावर लिहून पाठव, पुढची शपथेची बाजू वकील पाहतील आणि तुला नाशिकहून येण्याची गरज पडू नये असे ते करतील. मला त्यांच्याकडे ६ ऑक्टोबरला जायचे आहे. वहिनींना नमस्कार. तुझ्या गुडघ्याचे काय झाले ते कळव.

तुझाच,
पहिल्या मजल्यावरचा

ता. क. पत्र बंद करण्यापूर्वी आईला वाचून दाखवले. तिने एक गोष्ट विचारायला सांगितली आहे, ती कोर्टासाठी नाही. ती त्या रात्री झोपलेली होती, हे तिला अजून बोचते. नाक्याकडे वळताना त्याने मागे, तिच्या खिडकीकडे, वळून पाहिले होते का? नसेल पाहिले, किंवा अंधारात तुला दिसले नसेल, तर तसेच लिही. छत्री त्याने उघडली होती का, तेही.